दोर हलका होत जातो

माणदेशातल्या आमच्या घरामागे विहीर होती. दिवाळीच्या सुमारास पाणी आठ-दहा हातांवर असायचं आणि मे उजाडला की तीस-बत्तीस हात खाली जायचं. मी दहा वर्षांची झाले तेव्हा आईनं माझ्या हातात पहिल्यांदा दोर दिला. पोहरा बुडाला, भरला, पाण्याबाहेर आला आणि माझे दोन्ही खांदे खाली ओढले गेले. आई मागेच उभी होती. म्हणाली, "पयल्या धा हाताला दम धर. फुडं त्यो आपसूक येतूय." आणि खरंच यायचा. दोर वर येऊन पायाशी वेटोळं घालून पडायचा, विहिरीत लोंबणारा दोर तेवढा कमी व्हायचा, आणि हातातलं ओझं वितीवितीनं उतरायचं.

पुढे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले. मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं की कार्य म्हणजे बलाचं विस्थापनावर केलेलं इंटिग्रेशन. तो लांबट, वाकडा एस, त्याच्या खाली-वर दोन मर्यादा, शेवटी डीएक्स. मी ते वहीत उतरवून घेतलं, पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्कही मिळवले. पण ते चिन्ह आणि आमच्या विहिरीवरचा दोर ही एकच गोष्ट आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं कैक वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा. पहिल्या तासाची तयारी करत रात्री बसले होते. टेबलाच्या कडेवरून लोंबणारी साखळी वर ओढायला किती कार्य करावं लागेल, असं एक ठरावीक गणित असतं. ते सोडवता सोडवता आईचा आवाज कानात आला आणि मी पेन खाली ठेवलं.

त्या रात्री मी आमच्याच विहिरीचं गणित केलं. विहीर पंधरा मीटर. भरलेला पोहरा दहा किलोचा. भिजलेला दोर मीटरला दोनशे ग्रॅम, म्हणजे सगळा लोंबत असताना तीन किलो. सुरुवातीचं ओझं तेरा किलो धरून, त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ नं आणि मग सरळ पंधरा मीटरनं गुणलं तर १९११ ज्यूल येतात (ज्यूल हे कार्याचं माप). दोराचं वजन सोडून दिलं तर १४७०. दोन्ही उत्तरं चुकीची, कारण तेरा किलो फक्त पहिल्या क्षणी असतात आणि दहा किलो फक्त शेवटच्या. मधली प्रत्येक वीत वेगळी.

मग विहिरीच्या विती पाडायच्या. एका वितीपुरतं ओझं बदलत नाही असं धरायचं, त्या वितीचं कार्य काढायचं, आणि सगळ्या वितींची बेरीज घ्यायची. वीत जाड वाटत असेल तर बोट घ्यावं. बोटही जाड वाटलं तर जव. माप बारीक करत गेलं की बेरीज एका ठिकाणी येऊन ठरते: १६९०.५ ज्यूल. डीएक्स म्हणजे ती जवाहूनही बारीक झालेली वीत, आणि लांबट एस म्हणजे बेरीज. लायब्निट्झनं १६७५ साली हे चिन्ह लिहिलं तेव्हा त्याच्या मनात लॅटिनमधला बेरजेचा शब्द 'सुम्मा' होता, त्यातलाच एस त्यानं ताणून लांब केला. पहिल्या वर्षी हे मला कुणी दोन मिनिटांत सांगितलं असतं तर त्या चिन्हाची भीती वाटली नसती, अशी हळहळ अजून वाटते.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचे उघडउघड दोन रस्ते असतात. वैद्यकीकडे किंवा जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी बीजगणितावर आधारलेला कोर्स, आणि इंजिनीअरिंगला किंवा फिजिक्सला जाणाऱ्यांसाठी कॅल्क्युलसवर, म्हणजे बदलत्या राशींच्या गणितावर, आधारलेला. आपल्याकडे अशी नावं नाहीत, पण एफ.वाय.बी.एस्सी.चं मेकॅनिक्स आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं फिजिक्स हे दुसऱ्याच जातीचं असतं. फक्त रस्ता बदलला आहे हे मुलांना कुणी सांगत नाही. बारावीपर्यंत जी समीकरणं हाताशी होती तीच इथेही चालतील असं समजून ती येतात.

त्यात घोटाळा आधीपासून झालेला असतो. सध्याच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात कॅल्क्युलसची तोंडओळख आहे. गणिताच्या पुस्तकात डिफरन्शिएशन, म्हणजे बदलाचा दर काढणं, येतं ते दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या धड्यात, आणि इंटिग्रेशन बारावीत. म्हणजे फिजिक्सच्या तासाला मूल जी गोष्ट जूनमध्ये वापरतं ती गणिताच्या तासाला त्याला कितीतरी महिन्यांनी भेटते, आणि तेव्हा ती निराळ्याच कपड्यांत असते. तिथे नियम असतात: घात खाली उतरवा, एक वजा करा, साईनचा कोस करा. मुलं हे नियम फार झपाट्यानं शिकतात. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं तीन ओळींचं डेरिव्हेटिव्ह न चुकता काढतात. मग मी विचारते, "हे जे काढलंस ते कशाचं कशाशी आहे?" ती फळ्याकडे बघतात, वहीकडे बघतात. हा त्यांचा दोष नाही. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात, पण दोघांची नीट ओळख करून देण्याचं काम कुणाकडेच नसतं. ते आपण, फिजिक्सवाल्यांनी, आपल्या अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मुलांचा सगळ्यात जीव असतो तो गतीच्या तीन समीकरणांवर. व्ही बरोबर यू अधिक एटी, आणि तिची दोन भावंडं. नववीपासून ती सोबत असतात, पाठ असतात, आणि त्यांनी बरेच मार्क मिळवून दिलेले असतात. म्हणून दर वर्षी पावसाळ्यात मी वर्गात पाऊस काढते. खिडकीबाहेर तो पडत असतोच. ढग दोन हजार मीटरवर आहे असं धरा, थेंब स्थिर अवस्थेतून निघाला, खाली पोचताना वेग किती? हात भराभर वर होतात. तिसरं समीकरण लावलं की उत्तर येतं सेकंदाला १९८ मीटर. मी म्हणते, तासाला किती किलोमीटर ते काढा. ७१३. वर्ग एकदम गप्प होतो. विमानाच्या वेगानं अंगावर येणाऱ्या थेंबांतून कुणी कॉलेजला आलेलं नसतं.

खरा थेंब, अगदी टपोरा असला तरी, सेकंदाला नऊएक मीटरनं जमिनीवर येतो. तासाला तीस-बत्तीस किलोमीटर, सायकल जोरात हाणल्यासारखा. मधे हवा असते. थेंब जितका जोरात येतो तितका हवेचा विरोध वाढतो. विरोध वाढला की त्वरण घटतं. त्वरण घटलं की वेग वाढायचा मंदावतो, आणि एका टप्प्यावर विरोध वजनाइतका होऊन वेग वाढायचा थांबतो. त्वरण इथे क्षणाक्षणाला बदलतंय, आणि तीन समीकरणांची तर अटच अशी की त्वरण बदलता कामा नये. ही अट पुस्तकात छापलेली असते, शिकवलेलीही असते, पण जिथे ती मोडली आहे असं गणित कुणी कधी समोर ठेवलेलं नसतं, त्यामुळे ती अट मनावर उमटत नाही.

आता काय करायचं? संपूर्ण प्रवासाबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही. पण एका क्षणाबद्दल ठाऊक आहे: ह्या क्षणी वेग इतका, म्हणून विरोध इतका, म्हणून पुढच्या क्षणी वेग एवढ्यानं बदलेल. निसर्गाचा नियम फक्त त्या एका क्षणापुरता बोलतो. सगळी कहाणी तो सांगत नाही, ती आपण क्षण जोडत जोडत उभी करायची असते. मला पहिल्या वर्षाच्या ह्या कोर्समधली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि तीच अभ्यासक्रमाच्या कागदावर कुठे लिहिलेली नसते. तिथे लिहिलेलं असतं: गुरुत्वाकर्षण, इतके तास, स्थितिस्थापकता, इतके तास.

आधी मी हे समीकरण सूत्रानं सोडवून दाखवायची. आता आधी हातानं सोडवायला लावते. दशांश सेकंदाची पावलं घ्या, तक्ता करा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल. वीसएक ओळी होतात तोवर मुलं कंटाळतात, आणि मग कुणीतरी ओरडतं, "मॅडम, आकडा वाढायचाच थांबला!" हा ओरडा ऐकण्यासाठी मी दर वर्षी दीड तास देते. त्या दीड तासामुळे पुढचा एखादा मुद्दा घाईत उरकावा लागतो. उरकते.

दुसरी गोष्ट खडूची. खडू सरळ वर फेकायचा आणि विचारायचं, अगदी वरच्या टोकाला, जिथे तो क्षणभर थांबतो, तिथे त्याचं त्वरण किती? बहुतेक हात शून्याला वर होतात. वेग शून्य आहे, मग त्वरणही शून्य, असं मनाला सरळच वाटतं. मी म्हणते, वेगही शून्य आणि वेगातला बदलही शून्य असता तर खडू तिथेच राहिला असता, छताखाली टांगल्यासारखा. एखादी मुलगी वर बघते, जणू तो तिथे दिसेल. एस.टी. स्टँडवरून सुटते त्या पहिल्या क्षणाचंही तसंच आहे. वेग शून्य असतो, आणि तरी सीटची पाठ आपल्या पाठीला लागलेली असते. डीव्ही बाय डीटी हे व्हीबद्दल बोलत नाही, व्ही कुठे निघालाय त्याबद्दल बोलतं. ज्या मुलानं शंभर डेरिव्हेटिव्ह काढली आहेत तेही खडूपाशी अडतं.

हे फक्त आपल्या गावाकडच्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांचं आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. तसं नाही. अमेरिकेत १९९२ साली डेव्हिड हेस्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड अजिबात नाही, फक्त बल आणि गती ह्यांबद्दलचे साधे प्रश्न. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला अशी चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? हा प्रश्न वाचला त्या दिवशी मला झोप लागली नाही. मी शिकवलेलं आणि त्यांना वाटतं ते, अशा दोन वह्या माझ्याही मुलांच्या डोक्यात असणार. आणि मी तपासत होते ती पहिली वही. पुढे १९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ कोर्सेसमधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. नुसतं व्याख्यान ऐकून मुलांच्या पदरात पडलं ते, जेवढं समजायचं राहिलं होतं त्यातलं सरासरी २३ टक्के. जिथे मुलं तासाला आपापसात वाद घालत, हातानं काही करत शिकली तिथे ४८ टक्के. तेव्हापासून खडू फेकल्यावर मी उत्तर लगेच सांगत नाही. शेजारच्याला पटवून दे, म्हणते. वर्गात गलका होतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं तास ऑफ आहे.

ह्या खडूवरून मला पाटणादेवीची आठवण येते. चाळीसगावजवळच्या डोंगरात पाटण आहे. गणिती भास्कराचार्यांशी जोडलेला एक शिलालेख तिथे आहे. आम्ही एकदा पहिल्या वर्षाची मुलं घेऊन तिथे गेलो होतो. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. त्यात ग्रहाच्या गतीचा विचार करताना त्यांनी दोन गती वेगळ्या धरल्या. एक, आजच्या आणि उद्याच्या स्थानातल्या फरकावरून काढलेली. दुसरी तात्कालिकी, त्या क्षणाची. चंद्र इतका झपाट्यानं आणि असा बदलत जातो की तिथीचा शेवट गाठायचा तर त्याच्यासाठी दुसरीच गती वापरायला हवी, असं ते सांगतात. ग्रहाच्या मध्यम (सरासरी गतीनं येणाऱ्या) आणि स्पष्ट (खऱ्या) स्थानातला फरक जिथे सगळ्यात जास्त असतो तिथे त्या फरकाची गती शून्य होते, हेही त्यांनी ओळखलं होतं. वरच्या टोकाला खडूचा वेग शून्य होतो, तोच हा विचार. न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी जी सर्वांना लागू पडणारी पद्धत बांधली ती भास्कराचार्यांकडे नव्हती, आणि ती होती असं मी मुलांना कधी सांगत नाही. पण क्षणाचा वेग वेगळा मोजावा लागतो ही अडचण इथल्या माणसाला आकाशाकडे बघताना आली होती, आणि त्यानं तिला नाव दिलं होतं, हे मी आवर्जून सांगते.

पाटणचा शिलालेख शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाची नोंद ह्या लेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो लेख प्रकाशात आणला. लेखातला दानाचा भाग त्या काळच्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. बाजारातल्या खरेदी-विक्रीतला पैसा तात्कालिकी गती शिकवण्यासाठी जात होता. आमच्या मुलांतल्या बऱ्याच जणांच्या घरचं उत्पन्न आजही आठवडी बाजारावर चालतं. मी हे सांगत होते तेव्हा ती एरवीपेक्षा जास्त शांत होती.

भाषेचं सांगायचं तर, तास इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. 'इन्स्टंटेनियस व्हेलॉसिटी' हे शब्द पहिल्या आठवड्यात मुलांच्या अंगावरून जातात. मी तात्क्षणिक वेग म्हणते, आणि लगेच विचारते, स्पीडोमीटरचा काटा आत्ता कुठे आहे? घाटात वळणावर ड्रायव्हर एकदम गिअर उतरवतो तेव्हा काटा कुठे जातो, आणि काट्याला स्वतःचा वेग असतो का? काट्याचा वेग म्हणजे त्वरण. हे कळलं की मग इंग्रजी शब्द आपोआप चिकटतो. आधी शब्द आणि मागून अर्थ असं झालं की अर्थ येतच नाही. माझ्या बाबतीत तो यायला इतकी वर्षं लागली.

प्रयोगशाळेचंही असंच. फ्लायव्हीलला दोरी गुंडाळायची, वजन सोडायचं, फेरे मोजायचे, जर्नल लिहायचं, सही घ्यायची. सूत्र वहीत आधीच उतरवलेलं असतं. माझ्या आवडीचा प्रयोग ग्लिसरीनचा. उंच नळीत घट्ट ग्लिसरीन, त्यात पोलादी गोळी सोडायची. काचेतून दिसतं: गोळी पहिल्या काही बोटांत वेग घेते आणि मग एकाच चालीनं उतरत राहते. पाऊस इथे डोळ्यांसमोर सावकाश पडतो. स्टॉपवॉच घेण्याआधी मी दोन गोळ्या नुसत्या बघायला देते. एका मुलानं नळीला नाक लावून म्हटलं होतं, "हिला पण कळतंय वाटतं, आता पुरे." त्याच्या जर्नलवर सही करताना मी ते वाक्य समासात लिहून ठेवलं.

बारावीला गणित सोडलेली मुलंही कधी कधी माझ्यासमोर येतात. त्यांना मी विहीरच सांगते. आता बऱ्याच घरी मोटर आहे, पण सगळ्यांनी आजीला शेंदताना पाहिलेलं असतं, निदान ऐकलेलं असतं. एकीनं तर घरी जाऊन आजोबांकडून दोराचं वजन विचारून आणलं आणि गणित आपल्या विहिरीच्या आकड्यांनी पुन्हा केलं. तिचा पोहरा गळका होता. वर येईतो पाणीही कमी होत होतं. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलत होत्या, आणि ते तिनं स्वतःहून इंटिग्रलच्या आत लिहिलं होतं.

ह्या वर्षीचं सांगते. पावसाचा तास संपत आला होता, तक्ते झाले होते, आकडा वाढायचा थांबला होता. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. एरवी बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, थेंब धुक्यातून खाली येतो ना? मग येता येता तो मोठा पण होत असेल." मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग वस्तुमान पण बदलणार. एफ बरोबर एमए, त्यातला एम कुठला घ्यायचा?"

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी किती वर्षं थांबले होते ते त्याला माहीत नव्हतं. एफ बरोबर एमए मी पुसलं. न्यूटननं १६८७ साली मांडलेला दुसरा नियम गतीच्या राशीतल्या बदलाबद्दल बोलतो, वस्तुमान गुणिले वेग ह्या अख्ख्या गुणाकारातल्या बदलाबद्दल. मुलं ज्याला न्यूटनचं समीकरण म्हणतात ते त्वरणाचं रूप १७५० च्या सुमाराला ऑयलरनं मांडलं. म्हणून वस्तुमान बदलत असेल तर मूळ वाक्याकडे जायचं. मी लिहिलं: डीपी बाय डीटी, पी म्हणजे तोच गुणाकार. हवेचा विरोध सोडून देऊ, म्हटलं, नाहीतर एका वेळी फार होईल. थेंब अगदी सूक्ष्म आकारापासून निघालाय आणि वाटेत येईल ते धुकं गिळत चाललाय, एवढंच धरा. दोन बाकांवरची मुलं पुढे येऊन फळ्याशी उभी राहिली. कुणी त्रिज्या वाढवत होतं, कुणी घनफळ. घंटा झाली तरी कुणी हललं नाही, आणि पुढच्या तासाच्या सरांनी दारातून बघून हातानंच चालू द्या म्हटलं.

उत्तर आलं तेव्हा फळा भरला होता. त्वरण जी भागिले सात, जी म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचं त्वरण. सेकंदाला सेकंदाला साधारण १.४ मीटर, सुरुवातीला तेवढंच, शेवटी तेवढंच. मी चौकट केली. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता अगदी पुढे होता. त्यानं चौकटीकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "हे तर बदलतच नाहीये. मग आपली तीन समीकरणं इथे परत चालतील."